बंद गाडीतला उन्हाळा आणि जंप स्टार्टरचे वय

29 मे 2024 रोजी दुपारी दिल्लीतील मुंगेशपूरच्या स्वयंचलित हवामान केंद्राने 52.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदवले आणि संध्याकाळपर्यंत ती साऱ्या देशाची बातमी झाली. त्याच दिवशी राजधानी परिसरातील इतर केंद्रांवर कमाल तापमान 45.2 ते 49.1 अंशांच्या दरम्यान होते. हवामान विभागाने तपासणी केली, तेव्हा मुंगेशपूरचा संवेदक प्रमाणित उपकरणापेक्षा सुमारे 3 अंश अधिक दाखवत असल्याचे निष्पन्न झाले. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा शेवट आवडावा असाच आहे. उपकरण चुकले, चूक शोधली गेली आणि ती जाहीरपणे सांगितली गेली.

त्या आठवड्यात आम्ही फरीदाबादचे लोक 49 खरे की 52 यावर हिरिरीने वाद घालत होतो. त्याच वेळी आमच्या इमारतीच्या उघड्या पार्किंगमध्ये माझ्या गाडीच्या डॅशबोर्डखालील कप्प्यात एक लहानसा लिथियम जंप स्टार्टर पडून होता. त्याच्या दृष्टीने आमचे दोन्ही आकडे निरर्थक होते. तो कितीतरी अधिक उष्ण जागी होता, आणि मी तो तेथे ठेवला आहे हे मी विसरूनही गेलो होतो.

ज्यांनी हे उपकरण पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जाडजूड पॉवर बँकेसारखी पेटी आणि तिला जोडलेले तांबडा-काळा असे दोन चिमटे, एवढेच त्याचे रूप. गाडीची बॅटरी उतरली की चिमटे तिच्या टोकांना लावायचे आणि सेल्फ मारायचा. पूर्वी यासाठी दुसरी गाडी शेजारी आणून जंपर केबल जोडाव्या लागत, नाहीतर चार माणसे जमवून धक्का द्यावा लागे. स्वयंचलित गिअरच्या गाड्यांना धक्क्याचाही उपयोग होत नाही, म्हणून गेल्या काही वर्षांत ही पेटी लोकप्रिय झाली. तिच्या आत बहुधा तीन लिथियम-पॉलिमर घट एकसरीत जोडलेले असतात. पूर्ण चार्ज असताना त्यांचा एकत्रित विभव 12.6 व्होल्ट भरतो.

पुढच्या जानेवारीत एका पहाटे आई नागपूरहून हजरत निजामुद्दीन स्थानकावर उतरणार होती. बाहेर दहा पावलांपलीकडचे दिसू नये असे धुके होते. सेल्फ मारला तर 'टक्' असा एकच आवाज आला. मला जंप स्टार्टर आठवला. काढून पाहिला तर चारही दिवे हिरवे. मी निश्चिंत मनाने चिमटे लावले आणि पुन्हा सेल्फ मारला. पुन्हा तेच 'टक्', आणि पेटीवरचे चारही दिवे क्षणभर विझून पुन्हा लागले. तिसऱ्या प्रयत्नानंतर कोपऱ्यावरच्या टॅक्सी स्टँडवरील एक चालक आपली गाडी घेऊन मदतीला आला. केबल जोडून त्याने माझी गाडी सुरू करून दिली. मग माझी पेटी हातात घेतली, अंगठ्याने तिची एक बाजू दाबली आणि म्हणाला, "साहब, ये तो फूल गया है. इसे अब गाड़ी में मत रखना." पीएचडीच्या काळात मी घटांचा अंतर्गत रोध मोजण्यात काही महिने घालवले होते. तरी त्या सकाळी मी दिव्यांवर विश्वास ठेवला आणि त्याने अंगठ्यावर. (धुक्यामुळे रेल्वेच चार तास उशिरा आली, त्यामुळे आईला या प्रकाराचा पत्ता लागला नाही.)

चार दिवे हिरवे असताना गाडी का सुरू झाली नाही, हा प्रश्न बारावीच्या भौतिकशास्त्राचा आहे. ते दिवे घटांचा विभव मोजतात, तोही भार नसताना. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ सुरुवातीच्या क्षणी दीडशे-दोनशे अँपिअरपर्यंत विद्युत्‌धारा ओढतो. समजा पेटीचा अंतर्गत रोध मूळच्यापेक्षा केवळ 10 मिलिओहमने वाढला आहे. 200 अँपिअरला या वाढीव रोधावर 2 व्होल्ट खर्ची पडतात. भार नसताना 12.6 दाखवणारी पेटी भाराखाली आधीच खाली येते, त्यातून आणखी 2 व्होल्ट गेले की सेल्फ फिरत नाही. दिवे हे काहीच सांगत नाहीत. त्यातही थंडीत घटातील आयनांची हालचाल मंदावते, रोध आणखी वाढतो आणि इंजिनाचे तेलही घट्ट होते. मे महिन्यात झालेले नुकसान नेमके जानेवारीत उघड होते ते यामुळे. आपण दोष देतो थंडीला.

येथे ऊर्जेचाही हिशेब करून ठेवू, पुढे तो लागेल. 12 व्होल्ट, 200 अँपिअर, 3 सेकंद: म्हणजे 7,200 जूल, अर्थात 2 वॅट-तास. 10,000 मिलिअँपिअर-तासांच्या पेटीत 37 वॅट-तास ऊर्जा असते. एक गाडी सुरू करायला तिचा जेमतेम अठरावा भाग पुरतो. आपल्याला ऊर्जेची टंचाई कधीच नसते. ती ऊर्जा दोन-तीन सेकंदांत बाहेर पडू शकणे हीच अडचण असते, आणि उष्णता नेमके तेच बिघडवते.

कसे बिघडवते ते पाहू. लिथियम घटाच्या ऋणाग्रावर पहिल्याच चार्जिंगच्या वेळी एक अतिशय पातळ थर जमतो. इलेक्ट्रोलाइटमधील द्रावक ऋणाग्राशी प्रतिक्रिया करून तो तयार करतात, आणि एकदा जमल्यावर तोच पुढील प्रतिक्रियेला आडकाठी करतो. घट वर्षानुवर्षे टिकतो तो या थरामुळे. मात्र ही आडकाठी पूर्ण नसते. थर अगदी सावकाश वाढतच राहतो. वाढताना लिथियम खातो, त्यामुळे धारिता घटते, आणि जाड होताना आयनांची वाट अडवतो, त्यामुळे रोध वाढतो. सोबत थोडे वायूही सुटतात. पाऊच घटाला धातूचे कवच नसल्याने तो फुगतो. हे सारे घट नुसता पडून असतानाही चालू असते. त्याला वापरलेच नाही म्हणून तो नवा राहिला, असे होत नाही.

या सावकाश प्रक्रियेचा वेग तापमानावर कसा अवलंबून असतो हे स्वांते अऱ्हेनियस यांनी 1889 मध्ये मांडलेल्या सूत्राने ठरते. त्या सूत्रातील तापमान घातांकात बसलेले असते. व्यवहारात त्याचा ढोबळ नियम असा वापरतात: दर 10 अंशांच्या वाढीला वेग साधारण दुप्पट. 25 अंशांच्या तुलनेत 45 अंशांना चौपट, 65 अंशांना सोळापट. प्रत्येक घटाचा नेमका आकडा त्याच्या रसायनावर अवलंबून कमीजास्त होईल, पण दिशा आणि परिमाण कळायला हा नियम पुरेसा आहे.

विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबावे, कारण या जागी शिकलेली माणसेही घसरतात. समजा एक पेटी निम्मा वेळ 25 अंशांना आणि निम्मा वेळ 65 अंशांना राहिली. सरासरी तापमान झाले 45. म्हणून ती चौपट वेगाने म्हातारी होईल असे वाटते. प्रत्यक्षात 1 आणि 16 यांची सरासरी साडेआठ येते. घातांकी फलनाची सरासरी आणि सरासरीचे घातांकी फलन या दोन वेगळ्या राशी आहेत, आणि पहिली नेहमीच मोठी असते. "आमच्याकडे रात्री छान गारवा पडतो," हे समाधान त्यामुळे फारसे कामाचे नाही. रात्रीचा गारवा दुपारची भरपाई करत नाही.

आता बंद गाडीतील दुपार. हवामान खात्याचे तापमान सावलीत, हवा खेळती ठेवणाऱ्या पांढऱ्या आवरणात, जमिनीपासून साधारण माणसाच्या उंचीवर मोजलेले असते. वर्षानुवर्षांच्या तुलनेसाठी ते तसेच मोजले पाहिजे. पण उन्हात उभ्या बंद गाडीत यातली एकही अट पाळली जात नाही. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यातील टेंपी येथे उन्हाळ्यात केलेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाहेर 38 अंशांच्या वर तापमान असणाऱ्या दिवसांत गाड्या तासभर उन्हात उभ्या केल्या. आतील हवा सरासरी 47 अंशांच्या आसपास पोहोचली, आसने जवळपास 51 अंशांवर, सुकाणूचक्र 53 वर आणि डॅशबोर्डचा पृष्ठभाग 69 अंशांवर. सावलीत उभ्या केलेल्या गाड्यांतही डॅशबोर्ड 48 च्या आसपास होता. हा एका तासाचा हिशेब आहे. फरीदाबादच्या एखाद्या कारखान्याबाहेर मे महिन्यात गाडी पाळी संपेपर्यंत आठ तास उभी असते.

(एक आडवळण. काच दृश्य प्रकाश आत सोडते आणि अवरक्त प्रारण अडवते, म्हणून गाडी तापते, असे पाठ्यपुस्तकी उत्तर आपण देतो. 1909 मध्ये आर. डब्ल्यू. वुड यांनी काचेची एक आणि अवरक्त प्रारण जाऊ देणाऱ्या सैंधवाच्या पट्टीची दुसरी, अशा दोन पेट्या उन्हात ठेवल्या. दोन्ही जवळपास सारख्याच तापल्या. मुख्य कारण हे की तापलेली हवा कोंडली जाते, वर निघून जाऊ शकत नाही. तरीही काच बोटभर खाली ठेवून गाडी फारशी थंड राहत नाही, हे 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले आहे. तेवढ्या फटीतून पुरेशी हवा हलतच नाही.)

या आकड्यांवरून माझ्या पेटीच्या वयाचा अंदाज करतो. एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत 70 तापते दिवस धरू, रोज पाच तास. एकूण 350 तास. कप्प्यात 55 अंश धरले, म्हणजे आठपट वेग, तर हे 2,800 तास होतात, 25 अंशांवरील जवळजवळ चार महिने. पेटी डॅशबोर्डवर उघडी पडली असेल आणि 65 अंश धरले, तर 5,600 तास, साडेसात महिन्यांहून अधिक. ही केवळ दुपारच्या पाच तासांची किंमत झाली. उरलेल्या एकोणीस तासांची वेगळी.

त्यात भर पडते चार्जची. पूर्ण भरलेला घट उष्णतेत अर्ध्या भरलेल्या घटापेक्षा लवकर खराब होतो. कॅनडातील केडेक्स कंपनीचे संस्थापक इसिडोर बुखमन यांचे एक कोष्टक या क्षेत्रात नेहमी उद्धृत होते. त्यानुसार 40 टक्के चार्ज असलेला घट 25 अंशांवर वर्षभर पडून राहिला तर त्याची 96 टक्के धारिता शिल्लक राहते, आणि 40 अंशांवर 85 टक्के. पूर्ण भरलेल्या घटासाठी तेच आकडे 80 आणि 65 टक्के आहेत. पूर्ण भरलेला घट 60 अंशांवर ठेवला तर तो तीनच महिन्यांत 60 टक्क्यांवर येतो. जंप स्टार्टरची गंमत अशी की तो अडीअडचणीसाठी असतो, म्हणून आपण तो काठोकाठ भरून ठेवतो. सर्वांत वाईट चार्ज आणि सर्वांत वाईट जागा, दोन्ही आपण काळजीपोटीच निवडतो.

आगीबद्दल बोलायला हवे, कारण उन्हाळा आला की कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत गाड्या पेटल्याची जुनी चित्रे फिरू लागतात. निर्दोष घट 65-70 अंशांना आपोआप पेटत नाही. ऋणाग्रावरील संरक्षक थर विघटित होऊ लागतो तो साधारण 80 ते 120 अंशांच्या टप्प्यात, आणि दोन अग्रांमधील पॉलिइथिलीनचा पडदा वितळतो 130 च्या आसपास. गाडीतील उन्हाळा आणि उद्रेक यांत अंतर आहे. ते अंतर कमी करणारी कारणे वेगळी: निर्मितीतील दोष, पडल्याने चेपलेला घट, फुगलेल्या घटावर पडलेला दाब, आणि त्याच स्थितीत पुन्हा केलेले चार्जिंग. घटातील काही द्रावकांची वाफ तर नेहमीच्या खोलीच्या तापमानालाही ठिणगीने पेटू शकते. फुगलेली पेटी उन्हात ठेवणे हे या सर्व कारणांना एकत्र बोलावणे आहे. त्यामुळे घाबरवणारा संदेश पुढे पाठवण्याआधी आपली पेटी सपाट टेबलावर ठेवून ती डुगडुगते का हे पाहावे. त्यातून अधिक कळेल.

येथवर भौतिकशास्त्र झाले. माझी तक्रार वेगळीच आहे.

घरी येऊन मी त्या पेटीसोबत आलेले माहितीपत्रक शोधून काढले. मुंगीच्या पावलांएवढ्या इंग्रजी अक्षरांत साठवणुकीची मर्यादा दिलेली होती: उणे 20 ते 45 अंश. बाजारातल्या अशा बहुतेक पेट्यांवर याच्या आसपासचेच आकडे असतात. आणि खोक्यावर चित्र होते गाडीच्या कप्प्यात ऐटीत ठेवलेल्या पेटीचे. गाडीत ठेवण्यासाठी विकलेली वस्तू उत्तर भारताच्या, विदर्भाच्या, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गाडीत ठेवायची नाही, ही अट खरेदीनंतर आणि भिंग घेऊन वाचायची. माझ्यासारख्याला पेटी रोज पिशवीतून वर घरी नेणे जमेल. ज्या चालकाने मला मदत केली तो चौदा तास गाडीतच असतो. त्याचे दुपारचे घर म्हणजे ती गाडीच. त्याने पेटी कुठे न्यायची? ग्राहकाने काळजी घ्यावी, असे सांगून जबाबदारी झटकणे सोपे आहे. पण ज्यांना या वस्तूची सर्वाधिक गरज असते त्यांनाच ती काळजी घेणे सर्वांत अवघड जाते.

"पण या वस्तूंच्या चाचण्या होतात ना?" असे कोणी विचारील. होतात, आणि त्या चांगल्याच आहेत. विमान-जहाजाने पाठवण्यासाठी लिथियम घटांना संयुक्त राष्ट्रांच्या 38.3 क्रमांकाच्या चाचणीतून जावे लागते. तीत घट 72 अंशांना किमान सहा तास, मग उणे 40 अंशांना किमान सहा तास, असे दहा फेरे ठेवतात. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस 16046 या मानकात बॅटरीच्या आवरणाला 70 अंशांवर सात तास ठेवण्याची परीक्षा आहे. या परीक्षा विचारतात: घट गळतो का, फुटतो का, पेटतो का? 72 अंशांचे दहा फेरे मिळून साठ तास होतात. आमच्या एका उन्हाळ्याचे साडेतीनशे तास वर काढले आहेत. उन्हाळ्यानंतर ही पेटी जानेवारीत गाडी सुरू करील का, हा प्रश्न या परीक्षांच्या कक्षेतच नाही. परीक्षेत उत्तीर्ण झाल्याची खूण आणि साठवणुकीची हमी या दोन गोष्टी ग्राहकाच्या मनात एक होतात, आणि तसे होऊ देणे विक्रेत्याला सोयीचे असते.

आग लागली की व्यवस्था हलते. मार्च 2022 मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली विजेवरची स्कूटर पेटली. देशात इतरत्रही तशा घटना घडल्या. त्यानंतर विजेवरील दुचाकींसाठीच्या एआयएस-156 या मानकात सुधारणा झाली आणि ती डिसेंबर 2022 व मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाली. ही तत्परता स्वागतार्हच. पण जी वस्तू पेटत नाही, नुसती मुकाट म्हातारी होते आणि ऐनवेळी हात वर करते, तिची बातमी होत नाही. मध्यरात्री महामार्गाच्या कडेला कुटुंबासह अडकलेल्या माणसासाठी मात्र तीही सुरक्षिततेचीच बाब आहे.

उपाय शोधायला फार दूर जावे लागत नाही. आमच्या फरीदाबादेत जैवतंत्रज्ञान संस्थांचा एक मोठा परिसर आहे, आणि लसींवर काम करणारे मित्र तेथे भेटतात. लसीची अडचण हुबेहूब हीच. कुपीकडे पाहून ती कारखाना ते खेडे या प्रवासात किती तापली हे कळत नाही. आज ती थंड आहे, एवढेच कळते. यावर पोलिओच्या तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लसीसाठी 1996 पासून एक साधा उपाय वापरात आला. कुपीवर एक वर्तुळ आणि आत फिकट चौकोन. उष्णतेने चौकोनातील रसायन हळूहळू गडद होते, आणि त्याच्या गडद होण्याचा वेग लसीच्या खराब होण्याच्या वेगाशी जुळवलेला असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस द्यायची. तेवढाच किंवा अधिक गडद झाला तर कुपी बाजूला ठेवायची. ना विजेची गरज, ना अक्षरओळखीची. रंग एकदा गडद झाला की कुपी पुन्हा शीतपेटीत ठेवून तो फिका करता येत नाही. पल्स पोलिओच्या वर्षांत आपल्या गावोगावच्या आरोग्यसेविकांनी हा चौकोन वाचला आहे. रसायनशास्त्राच्या भाषेत त्या अऱ्हेनियसचे सूत्रच वाचत होत्या.

माझे म्हणणे एवढेच की असा ठिपका प्रत्येक जंप स्टार्टरवर असावा, घटांना चिकटून, बाहेरून दिसेल असा. त्याचे रसायन लसीचे नसेल, लिथियम घटाच्या वार्धक्याशी जुळवलेले असेल, आणि ते जुळवणे आपल्याच प्रयोगशाळांतील एखाद्या एमएस्सीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले काम आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम 2022 मध्ये आले, तेव्हापासून बॅटरीवर फुली मारलेल्या कचराकुंडीचे चिन्ह छापावे लागते. वस्तू मेल्यावर काय करायचे हे आपण चिन्हाने सांगू शकतो, तर ती मरत चालली आहे हेही सांगता येईल.

यावर एक आक्षेप मला स्वतःलाच गंभीर वाटतो. हा ठिपका ग्राहकाच्या विरोधात वापरला जाईल. "ठिपका काळा झाला आहे, म्हणजे तुम्ही पेटी गाडीत ठेवली होती, हमी रद्द." मोबाइलमध्ये पाणी शिरल्याचे दाखवणाऱ्या तांबड्या पट्टीचा अनुभव पुष्कळांना असेल. म्हणून ठिपक्यासोबत आणखी एक गोष्ट हवी: जी वस्तू गाडीसाठी म्हणून विकली जाते, तिच्या हमीत बंद गाडीतील उन्हाळा धरलेला असलाच पाहिजे. धरता येत नसेल, तर खोक्यावर ठळक अक्षरांत, स्थानिक भाषेत, "उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवू नका" असे छापावे आणि ते ऐटबाज चित्र काढून टाकावे. या दोहोंपैकी एक निवडण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना खुशाल असावे.

दुसरा आक्षेप: वेगळ्या रसायनाचा घटच का वापरू नये? वापरावा. लिथियम-आयर्न-फॉस्फेटचा पहिला शोधनिबंध 1997 चा, टेक्सास विद्यापीठातील जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतला, आणि त्यावरील पहिली दोन नावे भारतीय वंशाच्या संशोधकांची आहेत: अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंदस्वामी. या रसायनाचे चार घट एकसरीत 12.8 व्होल्ट देतात, गाडीला अगदी साजेसे, आणि उष्णतेत त्यांचे धनाग्र सहजी ऑक्सिजन सोडत नाही. उद्रेकाचा धोका त्यामुळे कमी होतो. पण ते जड असतात, कडाक्याच्या थंडीत हात आखडता घेतात, आणि ऋणाग्र तर त्यांचेही तेच असते. थर तेथेही वाढतो.

मला स्वतःला महाधारित्राचा, म्हणजे सुपरकपॅसिटरचा, जंप स्टार्टर अधिक भावतो. वरचा हिशेब आठवा: हवे आहेत सुमारे सात हजार जूल, तेही एकदम. 350 फॅरडची सहा महाधारित्रे एकसरीत जोडली तर 58 फॅरड होतात, आणि 15 व्होल्टला त्यांत सुमारे 6,500 जूल मावतात. गाडी चटकन सुरू झाली तर तीन पूर्ण सेकंद लागतही नाहीत. ते भरायचे कुठून? त्याच "मेलेल्या" बॅटरीतून, मिनिट-दोन मिनिटांत. तिच्यात ऊर्जा असते, झपाटा नसतो. हे उपकरण गाडीत रिकामे पडून राहते, त्यामुळे उष्णता त्याला फारशी बाधत नाही. मर्यादा एकच. बॅटरी अगदीच निष्प्राण असेल तर भरण्यासाठी दुसरा स्रोत लागतो. चौदा तास गाडीत राहणाऱ्याला मी आज हेच सुचवीन.

थंडीबद्दल थोडक्यात, कारण येथून अटल बोगद्यामार्गे लाहौल-लेहकडे गाडीने जाणारे पुष्कळ. थंडीत नुसते पडून राहण्याने घट म्हातारा होत नाही, उलट त्याचे वार्धक्य मंदावते. फक्त त्याची ताकद तात्पुरती कमी होते. म्हणून रात्री तो खोलीत किंवा अंथरुणात घ्यावा. खरी चूक त्यानंतर होते. गाडी सुरू झाली की लोक उत्साहाने गार पडलेली पेटी लगेच गाडीच्या सॉकेटला चार्जिंगला लावतात. शून्य अंशांखाली चार्ज करताना लिथियम ग्राफाइटच्या आत शिरू शकत नाही आणि पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचतो. हे नुकसान कायमचे असते, आणि पुढे ते अंतर्गत शॉर्टसर्किटलाही कारण ठरू शकते. पेटी आधी उबदार होऊ द्यावी, मग भरावी.

माझी नवी पेटी आता घरात, पंख्याखालच्या कपाटात असते, चारांपैकी तीन दिवे लागतील एवढी भरलेली. लांबच्या प्रवासाला निघताना ती पिशवीतून खाली जाते आणि आमच्यासोबतच वर येते. दर तीन महिन्यांनी तपासायची, ही खूण आईने कालनिर्णयवर करून ठेवली आहे. जुनी फुगलेली पेटी कचऱ्यात टाकण्यासारखी नव्हती. आठवडाभर ती गच्चीवर सावलीत, वाळूने भरलेल्या बादलीत ठेवली आणि मग ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात देऊन आलो. तेथल्या माणसाने ती तराजूत टाकली, वजन लिहिले आणि विचारले, "गाड़ी में पड़ी थी ना?" त्याच्या मागच्या खोक्यात तशाच आणखी दहा-बारा पेट्या होत्या.